गिरगाव ते माटुंगा, व्हाया पीएचडी

‘वीकएण्डला काय करतेस?’ असं आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. ‘ओव्हन.’

तुम्हाला वाटेल, केक वगैरे करत असेल. छे! हा ओव्हन माटुंग्यातल्या एका लॅबमध्ये आहे आणि त्यात कापसाची पातळ फिल्म वाळत असते. बाई मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी करतायत. पाच वर्षं झाली. अजून डॉक्टर झालेल्या नाहीत, पण लालबागच्या त्यांच्या चाळीत सगळे त्यांना ‘डॉक्टरीणबाई’च म्हणतात. शेजारच्या काकू तर परवा विचारत होत्या, ‘गुडघ्याला काय लावू गं?’

आम्ही दोघी रुपारेलमध्ये बारावीपर्यंत एका बाकावर होतो. मग मी मास कॉमला पळाले आणि ती सायन्समध्ये रुतून बसली. दहा वर्षांत मी तीन नोकऱ्या धरल्या-सोडल्या, आता फ्रीलान्स करतेय. ती अजून कॉलेजातच आहे, असं तिची आई म्हणते. ‘शिकतेय अजून’ या दोन शब्दांत किती अर्थ भरता येतात, हे मावशींकडून ऐकावं.

तर झालं असं, की आमच्या संपादकबाईंना पावसाळी वॉक हवा होता. भिजलेली मुंबई, गरम भजी, जुन्या चाळी, छान छान फोटो. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नवी मुंबईतल्या एका कोटिंग्ज कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. एक तारखेपासून रुजू व्हायचं, सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं. थिसिसचं एक प्रकरण बाकी. फेलोशिप चार महिन्यांपूर्वी संपलेली.

‘शनिवारी भेट,’ मी म्हटलं. ‘गिरगावला. चालत चालत बोलू.’

गिरगाव का, तर मला लेखाची सुरुवात हवी होती आणि माझ्या डोक्यात एक हिरो तयार होता. खेतवाडीच्या गल्ल्यांतून पाणी तुडवत जाताना मी तिला ती गोष्ट सांगायला लागले. तुम्हालाही माहीत असेल. रघुनाथ माशेलकर. जन्म गोव्यातल्या माशेलचा, १ जानेवारी १९४३. वडील लवकर गेले, आई मुलाला घेऊन मुंबईत आली, गिरगावातल्या चाळीत राहिली आणि मिळेल ते काम करू लागली. बारा वर्षांपर्यंत पोराच्या पायात चप्पल नाही. हायस्कूलच्या प्रवेशाचे २१ रुपये जमवताना माउलीची दमछाक झाली. अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली. युनियन हायस्कूलच्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला आणि त्या एका ठिपक्यात याला सायन्स दिसलं. १९६० च्या एसएससीत बोर्डात अकरावा. मग माटुंग्याच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअरिंग, तिथेच १९६९ मध्ये पीएचडी. पुढे पॉलिमरवरचं संशोधन, पुण्याच्या एनसीएलचे संचालक, सीएसआयआरचे महासंचालक, १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो. गिरगावातून थेट न्यूटनच्या रजिस्टरमध्ये सही!

मी सॉलिड रंगात आले होते. ती छत्री सावरत शांतपणे ऐकत होती.

‘झालं?’ ती म्हणाली. ‘आता तू राहिलेलं अर्धं सांग.’

‘कुठलं?’

‘टाटा ट्रस्टची स्कॉलरशिप. महिन्याला ६० रुपये. एसएससीनंतर ते शिक्षण सोडून नोकरी धरणार होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या त्या साठ रुपयांवर पुढचं शिक्षण झालं. दिव्याची गोष्ट सगळे सांगतात यार, साठ रुपयांची कोणी सांगत नाही. आमच्या घरी दिवा आहे. ट्यूबलाइट आहे. मला दिव्याचा प्रॉब्लेम नाही.’

आता हे खरंच आहे. आपल्याकडे अशा गोष्टी ज्याच्या अंगावर फेकायला वापरतात, त्याला त्या टोचत असणार. ‘त्यांनी चपलेशिवाय केलं, मग तुला काय झालं?’ हा प्रश्न तिने प्रत्येक गणपतीत, प्रत्येक लग्नात ऐकलाय.

तिचा हिशेब साधा आहे. नेट पास झालं, की पहिली दोन वर्षं ज्युनियर फेलोशिप, पुढची तीन सीनियर. जानेवारी २०२३ पासून हे आकडे महिन्याला ३७ हजार आणि ४२ हजार झाले, वर घरभाडं. ऐकायला वाईट नाही. पण पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं नाही. कधी तीन महिन्यांचे एकदम येतात आणि मधले तीन महिने मित्रमैत्रिणींच्या जिवावर निघतात. (संस्थेचं नाव लिहू नकोस, असं तिने मला चार वेळा बजावलंय.) आणि पाच वर्षं झाली, की नळ बंद. थिसिस संपला असो वा नसो. सध्या ती संध्याकाळी दादरला अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीचे क्लास घेते. आमच्या बाकावरचा जो मुलगा तिच्याकडून जर्नल उतरवायचा, तो आता एका आयटी कंपनीत टीम लीड आहे.

गिरगावातून बसने लालबागला आलो. आता खरा पाऊस लागला होता. लाडू सम्राटमध्ये घुसून दोन वडे आणि एक लाडू हाणला, कारण रिकाम्या पोटी करिअरविषयी बोलू नये. मग गणेश गल्लीच्या बाजूने परळकडे निघालो. जुलैत हा भाग म्हणजे मुंबईतली सगळ्यात भारी आर्ट गॅलरी. निळ्या ताडपत्र्यांखाली वीस-वीस फुटी पांढरे देह उभे. कोणाला हात नाहीत, कोणाला सोंड नाही. जाणार असाल तर जुलैतच जा, आणि कारखान्यात फोटो काढण्याआधी विचारा. कारागिरांना कामाच्या वेळी मॉडेलिंग करायला वेळ नसतो.

मी फोटो काढत होते. ती एका पिंपाकडे बघत उभी राहिली. एक पोरगा पाण्यात पीओपी कालवत होता.

‘हा आत्ता माझ्या फिल्डचं काम करतोय,’ ती म्हणाली.

तिचं म्हणणं असं, की मटेरियल्स सायन्स म्हणजे एवढंच: वस्तू आतून कशी बनलीय, म्हणून ती बाहेरून अशी वागते. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला, की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पीओपीची पावडर मिळते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं, की आत सुईसारखे स्फटिक उगवतात आणि एकमेकांत अडकून बसतात. दहा-वीस मिनिटांत दगड! शिवाय घट्ट होताना तो किंचित फुगतो, म्हणून साच्यातली रेघ न् रेघ उतरते. शाडूचं तसं नाही. ती नुसती वाळते. आत नवं काहीच तयार होत नाही, म्हणून ती जड, ठिसूळ, तडकणारी. आणि म्हणूनच पाण्यात गेली की पुन्हा माती. पीओपी पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला जेमतेम दोन ग्रॅम. दहाव्या दिवशी आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो आणि बाप्पा महिनोन् महिने तिथेच पडून असतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींवर बंदीच्या सूचना काढल्या, मग २०२५ मध्ये प्रकरण हायकोर्टात गाजलं, ते तुम्ही वाचलं असेल. पण त्याआधीच पुण्याच्या एनसीएलने एक साधा उपाय काढला होता. बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचा आणि त्यात मूर्ती बुडवायची. पीओपीचा खडू होतो आणि पाण्यात खत उतरतं. पुण्यात लोकांनी घरच्या बादलीत हे करून पाहिलंय. वीस फुटी राजासाठी बादली कुठून आणायची, हा प्रश्न अर्थात उरतोच.

‘हे ज्याने शोधलं, त्याला कोणी विचारलं नसेल, शिकतेयस का अजून म्हणून?’ मी म्हटलं.

‘विचारलं असणार,’ ती म्हणाली. ‘नक्की.’

तिची चाळ तिथून पाच मिनिटांवर. दहा बाय बाराची खोली, खिडकीत तिचे आजोबा. वय चौऱ्याऐंशी. आजोबा साताऱ्याकडून मुंबईत आले ते गिरणीत. आधी सात वर्षं बदली, मग साळखात्यात कायम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात हेही होते. संप मागे घेतल्याचं कोणी कधी रीतसर जाहीर केलंच नाही. आजोबा मग एका सोसायटीचे वॉचमन झाले. तुम्ही-आम्ही शुक्रवारी रात्री ज्या कंपाउंडांत पिझ्झा खायला जातो, त्यांच्या जुन्या चिमण्या त्यांना अजून नावानिशी माहीत आहेत.

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली. आत पोस्टाच्या तिकिटाएवढा पारदर्शक तुकडा. हा तिचा पाच वर्षांचा संसार. कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज. गिरणीत वाया जाणारा कापूस घ्यायचा, अल्कलीत उकळायचा, ब्लीच करायचा, मग पाण्यात दळून दळून त्याचा तंतू फोडत जायचा. कापसाचा तंतू मुळातच आपल्या केसाहून बारीक. त्याच्या आतले धागे त्याच्याही शेकडोपट बारीक. त्याला म्हणतात नॅनोसेल्युलोज. दिसायला अगदी तांदळाच्या पेजेसारखं. ती पेज पसरून वाळवली, की ही फिल्म. प्लॅस्टिकच्या वेष्टनाला पर्याय म्हणून जगभर यावर काम चाललंय.

‘आजोबा, कापूस आहे हा.’

आजोबांनी तुकडा उजेडात धरला. अंगठा आणि बोटात चोळला. कानाजवळ नेला.

‘ह्याची तार कुठाय?’

‘तार नाही. दळलीय सगळी. दळल्यावर पेजेसारखं होतं.’

‘म्हणजे खळ!’ आजोबा हसले. ‘साइझिंग खात्यात ताण्याला लावायचे. खळीची नुसतीच पापडी केलीस होय गं?’

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो तिच्या गाइडनेसुद्धा पहिल्याच मीटिंगमध्ये विचारला होता म्हणे. ‘तुटतं कधी?’

ती जरा थांबली. ‘पावसाळ्यात,’ ती म्हणाली. ‘हवेत दमटपणा वाढला की ढिलं पडतं. कडा वळतात. तेच तर नीट होत नाहीये.’

‘उलटं कसं?’ आजोबा एकदम ताठ बसले. ‘कापूस दमट हवेत घट्ट होतो. साळखात्यात हवा कोरडी पडली की तारा पटापट तुटायच्या. वरनं पाण्याचा फवारा सोडायचे. बनियन अंगाला चिकटून बसायची, पण साचा थांबायचा नाही. म्हणून तर गिरण्या हितं समुद्राकाठी आल्या. आणि तू सांगतेस पाण्यानं तुटतं?’

पुढची वीस मिनिटं मी त्या खोलीत नव्हतेच. डॉक्टरीणबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि आजोबांना समजावू लागल्या. दोघांचंही बरोबर आहे, आजोबा. तुमच्या धाग्यात लांब तंतू पिळलेले असतात. त्यांच्यात पाणी शिरलं की तंतू फुगतो, आतला ताण सैल होतो, ओढ एकट्यावर न येता सगळ्यांत वाटली जाते. म्हणून ओला सुती धागा कोरड्याहून जास्त दम धरतो. माझ्या फिल्ममध्ये पीळच नाही. तिथे बारीक बारीक तुकडे एकमेकांना नुसते चिकटून उभे आहेत, साडेनऊच्या लोकलमध्ये आपण उभे असतो तसे, गर्दीच्या जोरावर. पाणी मध्ये घुसलं, की ते दोघांमधला हात सोडवतं आणि स्वतः हात धरून बसतं. मग ओढलं, की सगळं घसरतं.

आजोबा विचार करत राहिले. ‘मग पीळ घाल,’ ते म्हणाले.

‘पापडीला पीळ कसा घालू?’

‘ते तू बघ. तू शिकलेली.’

मला वाटलं होतं, इथे एखादा सिनेमासारखा सीन होईल. गिरणी कामगाराच्या एका वाक्यावर थिसिस सुटला वगैरे. तसं काही झालं नाही. एकाच दिशेने तंतू लावायचे प्रयोग लोकांनी आधीच केलेत, तिनेही दोन वर्षांपूर्वी करून पाहिलेत, असं तिने मला जिन्यात सांगितलं. पण तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा दिसत होता.

निघताना आजोबांनी नोकरीचं विचारलंच. ‘पगार किती?’ तिने सांगितला. ‘कायम करतायत?’

‘सहा महिने प्रोबेशन.’

‘म्हणजे बदली. आणि हितं?’

‘इथे पाच वर्षं झाली, आजोबा.’

‘पाच वर्षं बदली!’ त्यांनी मान हलवली. ‘मी सात काढली.’ याचा अर्थ ‘थांब’ असा घ्यायचा की ‘जा’ असा, यावर आम्ही दादर टीटीपर्यंत भांडलो.

दादरबद्दल लिहीत नाही. शनिवारी दुपारी दादरमध्ये फक्त ढकललं जाता येतं. क्लासच्या पाट्या, फुलांचा चिखल, छत्र्यांच्या टोचण्या. तिथून माटुंगा म्हणजे दुसरं गावच. अचानक झाडं, अचानक शांतता. आणि या टापूत एवढं सायन्स कोंबलेलं आहे, की पवईला न जाताही माणसाची अख्खी पीएचडी होऊ शकते. व्हीजेटीआय १८८७ चं, म्हणजे गिरण्यांच्या ऐन बहराच्या काळातलं. आधी भायखळ्याला होतं, १९२३ मध्ये इकडे आलं. यूडीसीटी १९३३ ची, तिचं नाव आता आयसीटी. तिच्या पहिल्या विषयांत टेक्स्टाइल केमिस्ट्री होती. माशेलकरांचे गाइड प्रा. मनमोहन शर्मा इथलेच. केंब्रिजहून पीएचडी करून परतलेले शर्मा १९९० मध्ये रॉयल सोसायटीवर निवडले गेलेले पहिले भारतीय इंजिनिअर.

पण मला सगळ्यात आवडली ती एडनवाला रोडवरची सिरकॉट. कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था. २०२४ मध्ये तिला शंभर वर्षं झाली आणि माझ्यासारख्या दादरकर मुलीला ती माहीतच नव्हती. १९२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा काम एकच: देशातल्या कापसाचा तंतू मोजायचा, ओढायचा, कातून बघायचा आणि तो किती दमाचा आहे ते सांगायचं. १९३० च्या दशकात तिचे संचालक होते डॉ. नझीर अहमद. केंब्रिजला प्रत्यक्ष रदरफर्ड यांच्या हाताखाली पीएचडी केलेले. अणूचं पोट फोडणाऱ्या गुरूचा शिष्य माटुंग्यात कापूस पिंजत बसला होता! आणि पुढे, १९५६ मध्ये, हेच नझीर अहमद पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. याच संस्थेत २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांट उभा राहिला.

‘म्हणजे तुझी पेज इथे मोठ्या पातेल्यात शिजते,’ मी म्हटलं.

‘हो. आणि त्यांनाही पावसाळा आहेच.’

रामाश्रयमध्ये नेहमीप्रमाणे लाइन होती. अर्ध्या तासाने टेबल मिळालं. फिल्टर कॉफी बशीत ओतता ओतता तिने शेवटी तो विषय काढला. पैसे हवेत, हे खरं. आईचं बरोबर आहे, हेही खरं. पण नोकरी धरून थिसिस पूर्ण करणारे तिने दोनच पाहिलेत, आणि ‘सुट्टीत लिहीन’ म्हणून गेलेले सात. त्यांचे सॅम्पल अजून लॅबच्या कपाटात आहेत, वर नाव आणि तारीख लिहिलेले. एकाचं लेबल २०१४ चं आहे. कोणी फेकत नाही.

‘मला त्या कपाटात जायचं नाहीये,’ ती म्हणाली. ‘पण मला पुढच्या महिन्याचं भाडंही क्लासच्या पोरांच्या फीमधून भरायचं नाहीये.’

मी काय सल्ला देणार? माझ्या स्वतःच्या मागच्या लेखाचा चेक अजून यायचा होता. मी बिल भरलं.

पावणेसातला ती उठली. सात वाजता चेंबर उघडायचं होतं. नव्वद टक्के आर्द्रतेत अठ्ठेचाळीस तास ठेवलेली फिल्म बाहेर काढून लगेच ओढून बघायची, उशीर झाला की आकडा बदलतो. गेटवरचा वॉचमन तिला ‘आज पण, मॅडम?’ म्हणाला. तिने छत्री झटकली आणि आत गेली. मी पाच-सात मिनिटं झाडाखाली उभी राहिले आणि मग स्टेशन गाठलं.

सोमवारी तिने कंपनीला फोन केला. रुजू व्हायला एक तारखेऐवजी तीन महिने मागितले. विचार करून सांगतो, म्हणाले. हा अंक छापायला जाईपर्यंत त्यांचा विचार चालूच आहे.

तो पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा आजोबांकडेच राहिला. त्यांनी तो कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलाय. रोज सकाळी बघतात आणि तिला लॅबमध्ये फोन करून रिपोर्ट देतात. परवा दिवसभर कोसळत होता तेव्हा कडा चांगलीच वळली होती म्हणे. काल उघडीप होती, तर संध्याकाळपर्यंत थोडी सरळ झाली.